भरलेले जार

मंत्रिमहोदयांचा दौरा एक दिवस पुढे गेल्याचा निरोप आला तेव्हा किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी दौरा आणखी एक दिवस पुढे गेला, तेव्हाही ती तिथेच होती. पडू नये म्हणून मी खिशाला आतून सेफ्टी पिन लावली होती. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या काळजीने मी दुसरं काहीच सांभाळलं नाही. आणि ती किल्ली होती संडासाची.

मी नगर परिषदेत स्वच्छता निरीक्षक होतो. आमचं छोटं शहर दिग्रसपासून पाऊण तासावर. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी माझं जेवढं सहन केलं तेवढं पुरे आहे. कागदावर मी सॅनिटरी इन्स्पेक्टर, गावात गटारसाहेब. नाली तुंबली, कुत्रं मेलं, घंटागाडी आली नाही, की माझा फोन वाजायचा. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि माझी एकच इच्छा होती. मला आजवर एकदाही कारणे दाखवा नोटीस मिळाली नव्हती. 'तुम्ही हे का केलं ते लेखी सांगा, नाहीतर कारवाई करू' असं जे सरकारी पत्र येतं, ती ही नोटीस. ती न घेता घरी जायचं. लोक निवृत्तीनंतर काशी-रामेश्वरची स्वप्नं बघतात, मी कोऱ्या फाइलची बघत होतो.

अशात आमच्या गावाला मुलींच्या विभागीय शालेय खो-खो स्पर्धा मिळाल्या. तीन दिवस, पाच जिल्ह्यांतल्या टीम, आणि उद्घाटनाला मंत्री. आमचे मुख्याधिकारी, म्हणजे सीओ साहेब, तरुण होते, पहिलीच पोस्टिंग. त्यांनी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मिशन चकाचक' नावाचा ग्रुप काढला आणि मला अ‍ॅडमिन केलं. अ‍ॅडमिन झाल्यावर माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटलं.

आमच्या खात्यात अशा वेळी काय करतात ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे रूट. मंत्र्यांची गाडी ज्या रस्त्याने येणार तेवढंच त्या दिवशीचं शहर, बाकीचं शहर नंतर. रूटच्या दोन्ही बाजूंनी फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, पांढरी रेघ मारायची. दुसरी गोष्ट जीव्हीपी. कितीही वेळा उचला, दुसऱ्या दिवशी जिथे पुन्हा उकिरडा तयार होतो त्या जागेला आम्ही इंग्रजीत जीव्हीपी म्हणतो. इंग्रजी नाव दिलं की वास थोडा कमी येतो. असा एक जीव्हीपी मैदानाच्या वळणावरच होता. त्याच्यापुढे हिरवी जाळी बांधायची, जाळीपुढे कुंड्या ठेवायच्या. तिसरी गोष्ट रंग. सीओ साहेबांनी ग्रुपवर आदेश टाकला, "जे जे हलत नाही त्या प्रत्येक गोष्टीला रंग मारा."

बब्बूभाई पेंटरनी हा आदेश मनापासून घेतला. झाडं, खांब, दुभाजक, एक बंद पडलेला हातपंप, सगळं रंगवलं. कापसाच्या जिनिंग मिलच्या रस्त्याची लांब भिंत मात्र राहिली होती. आमची मुकादम सुमनबाई सकाळी हजेरीच्या वेळी म्हणाली, "सायेब, आज तिथंसा रंग नका मारू. वारा जिनिंगकडून हाये."

मुकादम म्हणजे सफाई कामगारांच्या टोळीची प्रमुख. सुमनबाईने माझ्याएवढीच वर्षं नोकरी केली होती. फरक एवढाच, की तिने ती झाडू हातात घेऊन केली आणि मी पेन.

"सुमनबाई," मी म्हणालो, "डेडलाइन आज आहे. वाऱ्याला पत्र पाठवू काय?"

"मी सांगतलं," ती म्हणाली, आणि आपल्या बायका घेऊन निघून गेली.

कापसाचा सीझन होता. दुपारपर्यंत जिनिंगमधल्या रुईचे बारीक तंतू उडून ओल्या ऑइलपेंटवर बसले. गुलाबी भिंतीला पांढरी दाढी आली. 'स्वच्छ शहर, सुंदर शहर' मधला एकही शब्द वाचता येईना. मी स्वतः दोन तास उन्हात उभा राहून भिंतीची दाढी उपटली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. कापूस वेचणीचा दर काय, असंही एकाने विचारलं. सुमनबाई समोरच्या कडुलिंबाखाली डबा खात होती. तिने काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं.

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात खेळाडूंसाठी प्रसाधनगृह बांधलं होतं. चार सीट, बाहेर बेसिन, आरसा, टाइल्स. स्पर्धेच्या अटींमध्येच ते होतं, म्हणून घाईघाईत का होईना झालं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मंत्र्यांच्या पीएंचा फोन आला. "साहेबांसाठी स्वच्छ वॉशरूम राखीव ठेवा." आता गावात मंत्र्याला दाखवता येईल असं एकच वॉशरूम होतं, ते हेच. मी विचार केला. संडास स्वच्छ ठेवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता? त्यात कोणी न जाणं. तीस वर्षांचा अनुभव हेच सांगत होता. फिनेल मारलं, रूम फ्रेशनर ठेवलं, दोन पांढरे नॅपकिन टांगले, जिओ-टॅगचा फोटो काढला आणि बाहेरच्या दाराला नवं कुलूप घातलं. किल्ली एकच, आणि ती माझ्याकडे. चेकलिस्टवर 'खेळाडूंसाठी प्रसाधनगृह' यापुढे मी 'तयार' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. तयार होतंच ते.

खेळाडूंचं काय? मैदानाला लागून असलेल्या शाळेची मागे एक जुनी मुतारी होती. तिला दार नव्हतं, पाणी नव्हतं, आणि तोंड चहाच्या टपरीकडे होतं. पण नगर परिषदेच्या यादीत तिचा आकडा होता. आमच्याकडे यादीत असलं की ते असतं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला ढोल-ताशा तयार, फुलं तयार, आणि साडेनऊला निरोप आला की साहेब उद्या येतील. शाळेच्या मुख्याध्यापकांनीच दिवा लावला, सामने सुरू झाले. दुपारी मी मैदानाला चक्कर मारली आणि थक्क झालो. एवढ्या पोरी, एवढं ऊन, पण मैदानावर एक कागदी कप नाही. पाण्याचे वीस लिटरचे जार सकाळी जसे ठेवले तसेच होते. कोणत्याही कार्यक्रमात आमचा अर्धा कचरा कपांचाच असतो. मी एका जारशेजारी उभा राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, 'शून्य कचरा स्पर्धा! नियोजनाचं यश.' सीओ साहेबांचं उत्तर आलं, 'एक्सलंट, गावंडे!' खाली चौदा अंगठे. मी ते अंगठे दोनदा मोजले.

सुमनबाई माझ्या मागे येऊन उभी होती.

"सायेब, पोरी पाणी पिऊन नाई राह्यल्या."

"काहून?" मी विचारलं. सुमनबाईशी बोलताना माझी वऱ्हाडी आपोआप येते.

"कायले पितीन? पाणी पेलं की जाव लागते. जाचं कुठं? टपरीवरचे लोकं पाहून राह्यले तिथं? त्यायच्या मॅडम सोता सांगून राह्यल्या, बाई, जपून प्या."

"उद्या मंत्री येऊन गेले की लगेच उघडतो ना. एक दिवसाचा तं प्रश्न हाये."

"तुमाले एक दिवसाचा हाये," ती म्हणाली. "मी तीस वर्षं झाडायच्या बिटवर आहो. सकाळी पाच वाजता निघतो आमी बाया, दुपारपर्यंत घोटभर पाणी पेत नाई. आमाले इचारलं काय कधी कोणी?"

अशा वेळी मी मोबाइल बघतो. तसा बघितला आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ढोल-ताशा, फुलं, निरोप. साहेब आता समारोपाला, म्हणजे तिसऱ्या दिवशी. मी कुलूप ओढून बघितलं, घट्ट होतं. मी खूश झालो.

दुपारी तीनला सेमीफायनल होती. घाटंजीकडच्या एका आश्रमशाळेची टीम जोरात होती. त्यांची पल्लवी म्हणून एक काटकुळी पोरगी होती, पोलवर अशी वळायची की समोरची पोरगी हवेत हात मारत राही. मीसुद्धा काम सोडून बघत होतो. तिसऱ्या मिनिटाला ती पोलवर वळली, आणि वळून उभी राहण्याऐवजी खाली बसली. मग आडवी झाली. सगळ्यांना वाटलं पाय मुरगळला. तिच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि डोळे फिरले होते.

सुमनबाई सगळ्यात आधी धावली. तिनेच उचलली तिला. माझी जीप रूटवर उभी होती, फुलांच्या कुंड्या घेऊन. कुंड्या उतरवल्या आणि तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. सोबत तिच्या मॅडम, सुमनबाई आणि मी.

सलाइन लावताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाळा, शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

"सकाळी."

"किती?"

"घोटभर."

"एवढ्या उन्हात खेळतेस आणि पाणी नाही? का गं?"

पल्लवीने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खाली बघितलं. मग ती पोरगी अगदी हळू, जणू तिचीच चूक असल्यासारखी म्हणाली, "तिथं कुलूप हाये जी."

माझा हात आपोआप खिशावर गेला आणि सेफ्टी पिन बोटात घुसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." मला लाज वाटत होती. एवढी लाज मला भिंतीची दाढी उपटतानाही वाटली नव्हती. दोन दिवस मी भरलेल्या जारशेजारी उभा राहून फोटो काढत होतो. ते माझं नियोजन नव्हतं. दीडशे पोरींची तहान होती ती, आणि मी तिचं श्रेय घेतलं होतं.

"चला," मी सुमनबाईला म्हणालो.

जीप घेऊन आम्ही मैदानावर आलो. मी सगळ्यांसमोर पिन काढली, किल्ली काढली आणि कुलपात घातली. म्हणजे घालायला गेलो. किल्ली आत जाईना. वाकून बघितलं. कुलूप दाराच्याच निळ्या रंगात रंगलं होतं. किल्लीच्या भोकात ऑइलपेंट भरून वाळून दगड झाला होता.

बब्बूभाईंना बोलावलं. ते म्हणाले, "साहब ने ही लिखा था ना, जो हिलता नहीं उसको रंग मारो. कुलूप कहाँ हिल रहा था?"

मंत्री पहिल्या दिवशी वेळेवर आले असते आणि त्यांना खरंच घाई असती, तर काय झालं असतं? दोन दिवस मी ज्या किल्लीला जिवापाड जपलं, ती किल्ली कशाचीच नव्हती. कुलूप ओढून बघत होतो मी रोज. उघडून बघावं असं एकदाही सुचलं नाही.

मी ग्राइंडर आणायला माणूस पाठवावा का, याचा विचार करत होतो. सुमनबाईने विचार केला नाही. तिने फक्कीच्या गोण्यांवर ठेवलेला धोंडा उचलला आणि तिसऱ्या घावाला कुलपाची कडी तोडली. मग दार उघडून पोरींकडे वळली. "या वं बायांनो. लाइनीत या. आन पयले पाणी प्या."

पोरी हसत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या.

पाच मिनिटांत सीओ साहेबांचा फोन. ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला होता. अ‍ॅडमिन असूनही मला तो डिलीट करायचं सुचलं नाही.

"गावंडे, वॉशरूम कोणाच्या परवानगीने उघडलं?"

सीओ साहेबांशी मी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलतो. पण घाबरलो की ते सुटतं. "सर, एक पोरगी पडली जी. पाणी नव्हती पेली."

"ते कळलं मला. डॉक्टरांशी बोललोय मी, ती बरी आहे. पण उद्या साहेब आले आणि त्यांना जायचं असलं तर?"

"आले तं जातीन ना जी तिथंच. चार सीटा हायेत."

पलीकडून फोन कट झाला. तीस वर्षांत वरिष्ठांना मी पहिल्यांदा असं काहीतरी बोललो होतो, आणि तेही ठरवून नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत सगळे जार संपले. मी आणखी मागवले, तेही संपत आले. मैदानावर जिकडे तिकडे कागदी कप. प्रसाधनगृहाची फरशी ओली, चिखलाच्या पावलांचे ठसे, आरशावर टिकल्या, आणि दोन्ही पांढरे नॅपकिन गायब. सुमनबाई आणि तिच्या दोन बायका तासातासाला पुसत होत्या. पल्लवी हाताला सलाइनची पट्टी घेऊन मैदानाच्या कडेला बसली होती. तिची टीम सेमीफायनल हरली होती. मी तिच्याकडे गेलो. "बरं वाटते काय?" एवढंच विचारलं. ती "हो जी" म्हणाली आणि कप तोंडाला लावला. तिने तो पूर्ण संपवला, मग दुसरा भरून घेतला. मी तिथेच उभा राहून बघत होतो, एखाद्या वेड्यासारखा.

साडेअकराला मंत्री आले. गाडीतून स्टेजपर्यंत, हार, दिवा, भाषण. शहर किती स्वच्छ आहे यावर ते चार मिनिटं बोलले. पायाखाली कागदी कप चुरडत होते. सीओ साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी झेंड्याकडे.

ट्रॉफी दिल्यावर सीओ साहेबांनी स्वतः सीलबंद पाण्याची बाटली पुढे केली. पीएंनी हलकेच ती बाजूला घेतली आणि माझ्या हातात दिली.

"साहेब दौऱ्यात पाणी टाळतात," ते माझ्या कानाशी म्हणाले. "सकाळी सहाला निघतो आम्ही. रस्त्यात सोय कुठे असते?"

मी बाटली धरून उभा राहिलो. ज्या माणसासाठी मी दोन दिवस कुलूप लावून ठेवलं होतं, तोही तहानलेलाच फिरत होता. सुमनबाईच्या बायका, आश्रमशाळेच्या पोरी आणि मंत्री, सगळ्यांनी एकच युक्ती शोधली होती.

"इथं सोय हाये जी," मी म्हणालो. "कुलूप नाई."

पीएंनी तिकडे बघितलं. दारापुढे सात-आठ पोरी रांगेत होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, थोडं हसले आणि म्हणाले, "वेळ नाही." पाच मिनिटांत ताफा गेला. हिरवी जाळी वाऱ्याने एका बाजूने सुटली होती, पण तोवर बघायला कोणी नव्हतं.

आठ दिवसांनी मला नोटीस आली. राखीव प्रसाधनगृह परवानगीशिवाय खुलं केल्याबाबत, शासकीय कुलूप तोडल्याबाबत, मैदानावर कचरा आढळल्याबाबत आणि दोन नॅपकिन गहाळ झाल्याबाबत. ती वाचून सुमनबाई म्हणाली, "लिवा सायेब, कुलूप म्या फोडलं. खोटं नका लिवू." मी लिहिलं, कुलूप मी तोडलं. नॅपकिनला मुलींनी हात पुसले असावेत. कचरा झाला, कारण लोक पाणी प्याले. खाली सही केली. पुढे काहीच झालं नाही. तो कागद मात्र माझ्या फाइलमध्ये कायमचा लागला, आणि सगळ्या फाइलमध्ये वाचण्यासारखा तेवढाच आहे.

आता मी निवृत्त आहे. लग्न असो, सभा असो, मुलांचं स्नेहसंमेलन असो, लोक स्टेज बघतात, मी जार वाकवून बघतो. रिकामा असला तर शांतपणे खुर्चीवर बसतो. भरलेला असला तर आधी चौकशी करतो, किल्ली कोणाकडे आहे.